जुना फोन आणि नवी कार्यप्रणाली

बमरोली, पांडेसरा, उधना या सुरतेच्या दक्षिणेकडील भागात ज्यांचे कारखाने अथवा पेढ्या आहेत, त्यांस जुन्या यंत्राची किंमत सांगावयास नको. दुसऱ्याने वापरून सोडलेला माग विकत घ्यावा, त्याचे झिजलेले भाग बदलावेत, वर विजेच्या सूचनेवर चालणारे नवे जेकार्ड बसवावे आणि त्याच मागावर आजच्या मागणीचे कापड काढावे, हे आम्ही नित्य पाहत आलो आहोत. मागाचा सांगाडा शाबूत असता त्यास भंगारात घालणारा मनुष्य आपल्या धंद्यात शहाणा समजला जात नाही.

परंतु हाच न्याय आपण खिशातील फोनला लावीत नाही. गेल्या दिवाळीपूर्वी पेढीचे कपाट आवरीत असता आमच्या हाती सहा जुने फोन लागले. त्यांपैकी एकाची बॅटरी फुगलेली होती. उरलेले पाच विजेस जोडताच सुरू झाले. मग ते कपाटात का पडले होते, याचा विचार करता असे ध्यानात आले की, एकावर बँकेचे ॲप उघडेनासे झाले होते, दुसऱ्यावर संदेशांचे ॲप ‘ही आवृत्ती यापुढे चालणार नाही’ असे सांगून थांबत होते, आणि तिसरा इतका मंदावला होता की घरच्या मुलांनीही त्याचा नाद सोडला होता. यंत्र जिवंत होते. त्यास चालविणारी सूचनावली तेवढी मागे राहिली होती.

ही सूचनावली नव्याने सिद्ध करून जुन्या फोनात घालता येते. ते काम कसे होते, त्यात धोके कोणते, आणि आपणांसारख्या व्यापाऱ्याने त्यातून काय ध्यानात ठेवावे, हे सभासद बंधुभगिनींपुढे मांडावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

जेकार्डच्या मागाचे उदाहरण घेऊ. फ्रान्समधील लियाँ शहरी १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्ड याने जी योजना सिद्ध केली, तीत पुठ्ठ्याच्या पत्त्यांस पाडलेली भोके ताण्याचा कोणता धागा उचलावयाचा हे मागास सांगत असत. माग तोच, परंतु पत्त्यांची माळ बदलली की वेलबुट्टी बदलते. फोनमध्ये काच, बॅटरी, कॅमेरा व गणन करणारी चीप हा झाला माग, आणि त्या सर्वांस कामाला लावणारी सूचनांची माळ म्हणजे कार्यप्रणाली. ही संपूर्ण माळ एकत्र बांधून फोनच्या स्मरणात एकदम उतरवता येईल अशा रूपात ठेवली, म्हणजे तिला ‘इमेज’ म्हणतात. बाजारात तिचे नाव ‘रॉम’ असे पडले आहे, आणि ती फोनात उतरविण्यास आपल्याकडील दुरुस्तीवाले ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात.

आपल्याकडील बहुसंख्य फोन अँड्रॉइड या कार्यप्रणालीवर चालतात. ही प्रणाली निर्माण करणारी संस्था गुगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि तिच्यावर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये विक्रीस आला. तिच्या मुळाशी लिनक्स नावाचा गाभा आहे. हा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहावयास घेतला आणि सर्वांस खुला केला. त्याच्या परवान्याची एक अट फार महत्त्वाची आहे. जो कोणी हा गाभा आपल्या यंत्रात घालून विकील, त्याने आपण केलेल्या फेरफारांसह त्याचे मूळ लिखाण ग्राहकास उपलब्ध करून दिले पाहिजे. अँड्रॉइडचा वरचा मोठा भागही गुगल खुला ठेवते. जुन्या फोनसाठी नवी रॉम बांधणे शक्य होते ते या खुलेपणामुळेच.

फोन जुना कशाने होतो?

मनुष्याने लिहिलेल्या सूचनांत चुका राहतातच. त्या चुकांच्या फटीतून चोर आत शिरतात. म्हणून ऑगस्ट २०१५ पासून गुगल दरमहा अशा दोषांची यादी व त्यांवरील दुरुस्त्या प्रसिद्ध करते. परंतु ती दुरुस्ती आपल्या फोनापर्यंत पोहोचविण्याचे काम तो फोन बनविणाऱ्या कारखान्याचे असते. स्वस्त फोनांच्या बाबतीत हा पुरवठा कित्येकदा दोन-तीन वर्षांतच थांबत आलेला आहे. त्यानंतर दोष जगजाहीर होतात, दुरुस्तीही जगजाहीर होते, परंतु आपला फोन मात्र तसाच राहतो. कुलूप निकामी झाल्याची दवंडी पिटली जावी आणि आपण तेच कुलूप तिजोरीला लावून निश्चिंत झोपावे, त्यातलाच हा प्रकार होय.

आपल्या फोनांत काय असते याचा विचार केला म्हणजे या गोष्टीचे गांभीर्य कळून येते. पार्टीचे येणे-देणे, मालाचे दर, चलनांची छायाचित्रे, बँकेचे संदेश आणि २०१६ पासून सुरू झालेली यूपीआयची देवघेव, हे सारे त्यात असते. पूर्वी चोपडी कपाटात बंद असे. आता ती प्रत्येकाच्या खिशात आहे. पेढीवरील मंडळी हा धोका पैसा खर्चून टाळू शकतात. परंतु मागावर बारा-बारा तास उभा राहणारा कारागीर नवा फोन कोठून आणणार? त्याची गावी पाठवावयाची रक्कमही त्याच जुन्या फोनातून जाते.

रॉम कशी बांधली जाते?

आमच्या एका जुन्या कारागिराचा मुलगा या कामात निष्णात आहे. त्याचे कुटुंब खानदेशातून येऊन बमरोलीस स्थिरावले आहे. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती आणि संगणकाशी इंग्रजी अशा तीन भाषांत त्याचा दिवस जातो. त्याने आम्हांस समजाविले ते असे.

रॉम बांधावयास चार वस्तू लागतात. पहिली, अँड्रॉइडचे सर्वांस समान असलेले मूळ लिखाण. दुसरी, त्या विशिष्ट फोनच्या गाभ्याचे लिखाण, जे परवान्याच्या अटीमुळे कारखान्याकडून मिळावयास हवे. तिसरी, त्या फोनचे वर्णनपत्र, म्हणजे पडदा केवढा, स्मरणाचे कप्पे किती व कोणत्या मापाचे, बटणे कोठे, याची नोंद. मागाचा पन्हा व फणीचा नंबर ठाऊक नसता बीम भरता येत नाही, तसेच हे होय. चौथी वस्तू सर्वांत अवघड. कॅमेरा, मोबाईलचे रेडिओयंत्र, बोटाचा ठसा वाचणारा भाग इत्यादींना चालविणाऱ्या काही सूचना चीप बनविणारे कारखाने बंद स्वरूपातच देतात. त्यांचे मूळ लिखाण कोणास मिळत नाही. परदेशी मागाची मोहोरबंद पेटी आली, परंतु आतला नकाशा आला नाही, अशी ही स्थिती. म्हणून त्या बंद सूचना त्याच फोनच्या जुन्या प्रणालीतून जशाच्या तशा काढून नवीन रॉममध्ये बसवाव्या लागतात.

या चारही वस्तू संगणकात एकत्र आणून मूळ लिखाणाचे यंत्रभाषेत रूपांतर करावयाचे. हे काम वाटते तेवढे लहान नाही. अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्या बांधण्यासाठी संगणकात किमान ४०० गिगाबाइट मोकळी जागा व ६४ गिगाबाइट रॅम असावी असे गुगल सांगते. त्याच संस्थेच्या माहितीनुसार ७२ गाभ्यांच्या प्रचंड संगणकावर संपूर्ण बांधणीस सुमारे ४० मिनिटे लागतात, तर ६ गाभ्यांच्या साध्या संगणकावर तेच काम सुमारे ६ तास घेते. जुन्या आवृत्त्यांस यापेक्षा कमी साधनसामग्री पुरते. आमच्या या मुलाचा संगणक जुन्या बाजारातून घेतलेला. तो रात्री पाळीच्या वेळी काम लावून देई आणि सकाळी येऊन पाही. कित्येकदा पहाटे तीन वाजता एखाद्या चुकलेल्या ओळीवर गाडी अडून बसलेली असे. ताणा तुटला की माग थांबतो, धागा जोडून पुन्हा चालवावा लागतो. तोच क्रम इथेही.

बांधणी पूर्ण झाली म्हणजे रॉमवर सही करावयाची असते. ही सही म्हणजे गुप्त अंकांची एक मोहोर होय. पुढे या रॉमची सुधारित आवृत्ती आली, तर तीही त्याच हातची आहे हे फोन या मोहोरेवरून ओळखतो. सरावासाठी दिलेली मोहोर सर्व जगास ठाऊक असते. ती लावून रॉम वापरणे म्हणजे पेढीचा शिक्का रस्त्यावर ठेवून देणे होय.

याखेरीज आणखी एक खबरदारी आहे. तयार फाइलीतून गणिताने ६४ अक्षरी एक खूण काढतात. फाइलीतील एक अक्षर जरी बदलले तरी ती खूण निराळीच येते. आपले वाडवडील मोठ्या हिशेबाचा ताळा करून पाहत, त्याचेच हे भावंड. मात्र जुना ताळा काही चुका नजरेआड करी, हा जवळजवळ करीतच नाही. दुसऱ्याने बांधलेली रॉम घेताना हा ताळा बांधणाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या ताळ्याशी जुळवून पाहिल्यावाचून ती फोनात घालू नये.

कुलूप आणि आमची चूक

रॉम तयार झाली म्हणजे काम झाले असे नाही. फोन सुरू होताना सर्वप्रथम जागी होणारी एक लहान सूचनावली असते. तिला बूटलोडर म्हणतात. कारखान्याची सही नसलेली कोणतीही रॉम ती आत येऊ देत नाही. नवी रॉम घालावयाची तर हे कुलूप आधी उघडावे लागते. काही कारखाने ते उघडण्याची सोय देतात, काही अर्ज करावयास व दिवस मोजावयास लावतात, तर काही ते मुळीच उघडू देत नाहीत. आमच्या पाच चालू फोनांपैकी तीन येथेच अडले. त्यांत बिघाड कोणताच नव्हता, परंतु किल्ली आमच्या हाती नव्हती.

उरलेल्या दोहोंचे कुलूप उघडताना आमच्या हातून एक चूक घडली, ती सांगितली पाहिजे. कुलूप उघडताच फोनमधील मालकाची सर्व माहिती पुसली जाते. हे मुद्दामच तसे केलेले असते. फोन चोराच्या हाती पडला, तर त्याने कुलूप उघडून आतील माहिती वाचू नये, हा त्यातील उद्देश. त्या मुलाने आम्हांस दोनदा विचारले, “शेठ, आतलं सगळं दुसरीकडं उतरवून घेतलंय ना? एकदा पुसलं की परत येत नाही.” आम्ही घाईत ‘होय’ म्हटले. तो फोन पूर्वी आमच्या दिवाणजींच्या हाती असे. ते आता हयात नाहीत. तीन वर्षांच्या नमुन्यांची छायाचित्रे त्यात होती, आणि पार्टीचे दर विसरू नयेत म्हणून दिवाणजींनी स्वतःच्या आवाजात करून ठेवलेल्या नोंदीही होत्या. छायाचित्रे अन्यत्र उतरलेली निघाली. नोंदी निघाल्या नाहीत. त्यांतील दर आज निरुपयोगी झाले होते हे खरे, परंतु त्या आवाजाची दुसरी प्रत कोठेच नव्हती. म्हणून आमची विनंती आहे की, कोणताही जुना फोन या कामास देण्यापूर्वी त्यातील माहितीची प्रत काढावी, आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. ‘असेल’ या शब्दावर विसंबू नये.

फोनच्या स्मरणात एक लहान कप्पा असा असतो की त्यात त्या यंत्राचा ओळखक्रमांक व रेडिओयंत्राची जुळणी साठविलेली असते. तो चुकून पुसला गेला तर फोन चालू राहतो, परंतु मोबाईलचे जाळे त्यास ओळखत नाही. जाणता कारागीर त्या कप्प्याची प्रतही आधी काढून ठेवतो. जो ती काढीत नाही, त्याच्या हाती फोन देऊ नये.

पहिल्या रात्री नवी रॉम घातली तेव्हा फोन नुसते चिन्ह दाखवून पुनःपुन्हा सुरू होत राहिला. दुसऱ्या रात्री तो उघडला, परंतु कॅमेरा चालेना. बंद सूचनांचा संच दुसऱ्या आवृत्तीतला घेतला गेला होता. योग्य संच बसविल्यावर तिसऱ्या रात्री काम तडीस गेले.

नवी रॉम काय करू शकत नाही?

येथे अतिशयोक्ती करणे योग्य होणार नाही. नव्या रॉमने वरची प्रणाली नवी होते. चीप व रेडिओयंत्र यांच्या बंद सूचना मात्र कारखान्याने सोडल्या तेथेच राहतात, आणि त्यांतील दोषही राहतात. घराचा दरवाजा नवा बसविला, परंतु मागील खिडकीची गजाळी जुनीच राहिली, असे हे आहे. पूर्वीपेक्षा सुरक्षितता वाढते, ती परिपूर्ण होत नाही.

दुसरी अडचण संभाषणाची. जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेव्हापासून त्यावर जुन्या पद्धतीची बोलण्याची सोय नाही. जुन्या फोनांत आवाज मुख्यतः चौथ्या पिढीच्या जाळ्यावरून जातो. त्यासाठी लागणारे घटक पुष्कळदा बंद सूचनांत असतात. ते नीट बसले नाहीत, तर इंटरनेट चालते परंतु फोन लागत नाही. तेव्हा रॉम घातल्यावर सर्वप्रथम एक फोन लावून पाहावा.

तिसरी अडचण पैशांच्या व्यवहाराची. बँकांची व यूपीआयची अनेक ॲप्स फोनचे कुलूप उघडलेले आहे काय, हे तपासतात आणि तसे आढळल्यास चालण्याचे नाकारतात. ही तपासणी चुकविण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. आमचे मत असे की, ज्या फोनवर पेढीचा पैसा फिरतो त्यावर असल्या युक्त्या करू नयेत. त्या कामास कारखान्याची दुरुस्ती अद्याप मिळत असलेला फोनच असावा. जुन्या फोनास दुसरी कामे थोडी आहेत काय? आमचा एक फोन आता गोदामात ताक्यांवरील पट्ट्या वाचून आवक-जावक नोंदवितो. त्यात सिमकार्ड नाही, बँकेचे ॲप नाही, कोणाचे खाजगी काही नाही. दुसरा फोन एका कारागिराच्या मुलीच्या अभ्यासास दिला.

या कामाची परंपरा

हे काम दोन-चार हौशी मुलांचे आहे असे कोणी समजू नये. स्टीव्ह कोंडिक या अमेरिकन गृहस्थाने २००९ मध्ये सायनोजेनमॉड नावाची रॉम सुरू केली. डिसेंबर २०१६ मध्ये तिचे काम बंद पडले, तेव्हा तिच्यासाठी झटणाऱ्या स्वयंसेवकांनी तेच लिखाण पुढे चालवून लिनिएजओएस उभी केली. ती आजही अनेक जुन्या फोनांस पुरविली जाते. आमच्या दोन्ही फोनांत तीच आहे. २०१७ मध्ये अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून गुगलने वरची प्रणाली व कारखान्याच्या बंद सूचना यांची घरे वेगळी केली. त्यायोगे एकच सर्वसाधारण रॉम निरनिराळ्या फोनांवर चढविणे बरेच सुकर झाले.

आपल्या देशातही खुल्या अँड्रॉइडवर नवी बांधणी करणारे झाले आहेत. मुंबईच्या पवई येथील आयआयटीत शिकलेले राकेश देशमुख व त्यांचे सहकारी यांनी भारतीय भाषांसाठी सिद्ध केलेली प्रणाली २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या फोनांवर आली. पुढे ती इंडस ओएस या नावाने ओळखली गेली. मद्रासच्या आयआयटीच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये भारओएस पुढे आणली. यांचा रोख नव्या फोनांकडे होता, परंतु विद्या तीच.

खरेदीच्या वेळी पाहावयाच्या गोष्टी

या सर्वांतून निघणारा बोध आमच्या मते रॉम बांधण्यापेक्षा खरेदीशी अधिक संबद्ध आहे. माग घेताना आपण सुटे भाग मिळतील काय हे विचारतो. फोन घेताना आपण रंग व कॅमेरा पाहतो. यापुढे आणखी दोन प्रश्न विचारावेत. दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, आणि त्या थांबल्यावर कुलूप उघडण्याची मुभा आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अलीकडे सुधारत आहे. गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ पासून ७ वर्षांच्या दुरुस्त्या देण्याचे वचन दिले. परंतु ही वचने महाग फोनांस मिळाली आहेत. स्वस्त फोन घेणाऱ्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवश्य मिळवावे, कारण त्याचा फोन लवकर अनाथ होणार असतो.

आणि ज्या फोनची बॅटरी फुगली आहे, त्याच्या मोहात पडू नये. तो विजेस जोडू नये, घरच्या घरी उघडूही नये. आमचा सहावा फोन आम्ही नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रकाकडे दिला. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी अशा मालाची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

कुलूप न उघडलेले तीन फोन अजून आमच्या कपाटात आहेत. त्यांची यंत्रे धड आहेत, आणि त्यांस नवी रॉम बांधून देणारा मुलगा चार गल्ल्यांवर राहतो. त्यांची किल्ली ज्यांच्याजवळ आहे, त्यांनी ती दुरुस्त्या थांबविण्याच्या दिवशीच ग्राहकाच्या हाती दिली असती, तर गोदामात आणखी तीन ताकामोजणीची यंत्रे चालू असती. विकत घेतलेल्या मालाची किल्ली मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि तो पैसे मोजण्यापूर्वी बजावावा हे उत्तम.